जायची वाट, यायची वाट

ईदच्या नमाजाबद्दल एक छोटीशी हदीस आहे. बुखारी शरीफमध्ये ती जाबिर बिन अब्दुल्लाह यांच्या नावाने नोंदलेली आहे. तिचा आशय असा, की ईदच्या दिवशी पैगंबर साहेब एका रस्त्याने जात आणि दुसऱ्या रस्त्याने परत येत. एवढंच. का, ते त्यात सांगितलेलं नाही. नंतरच्या विद्वानांनी मात्र कारणांची भली मोठी यादी केली. कुणी म्हणालं, दोन रस्त्यांवरच्या लोकांना सलाम-दुआ करता यावी म्हणून. कुणी म्हणालं, दोन्ही रस्त्यांवरच्या गरिबांना दान मिळावं म्हणून. आणि काहींनी अगदी साधं कारण दिलं: गर्दी होऊ नये म्हणून.

आमच्याकडे ही सुन्नत लहान मुलांनाही ठाऊक असते. नवे कपडे, डोळ्यांत सुरमा, जाताना या गल्लीने आणि येताना त्या गल्लीने. मी शिकवतो साहित्य. रस्ते आणि वाहतूक हा माझा विषय नाही. पण सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत ज्याचं आयुष्य जातं, त्याला यात्रा, उरूस, पालखी, ताबूत आणि मिरवणूक यांपासून सुटका नाही. वर्षभर कुठे ना कुठे गर्दी असतेच. आणि या गर्दीचा हिशेब मांडायला बसलो की ती हदीस पुन्हा पुन्हा समोर येते. कारण गर्दीतली बहुतेक मोठी मरणं एकाच प्रकारची आहेत. जायची आणि यायची वाट एकच होती.

मांढरदेवीचं नाव या भागात कुणाला सांगावं लागत नाही. २५ जानेवारी २००५, मंगळवार. पौषातली पौर्णिमा, काळूबाईची यात्रा, त्यातच देवीचा वार आणि दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिनाची सुट्टी. वाई तालुक्यातल्या त्या डोंगरावर त्या दिवशी सुमारे तीन लाख माणूस असल्याचं तेव्हाच्या बातम्यांत होतं. देवळाकडे जाणारा चढ अरुंद, दोन्ही बाजूंना दुकानं, नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झालेल्या. वर चढणारे आणि खाली उतरणारे त्याच वाटेवर. माणसं घसरली, मागचा लोट थांबला नाही. दुकानांना आग लागली, गॅसच्या टाक्या फुटल्या. तीनशेच्या आसपास माणसं गेली. त्यांत बायका आणि मुलं फार होती. घाटातला रस्ता अरुंद आणि वाहनांनी भरलेला, त्यामुळे मदत वर पोहोचायलाही वेळ लागला.

नंतर न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग बसला. चर्चा बरीच झाली. श्रद्धा-अंधश्रद्धा, पशुबळी, दारू, वाजंत्री, देवस्थानाचा कारभार, पोलिसांचा बंदोबस्त. यातलं काही बिनमहत्त्वाचं होतं असं नाही. पण मला वाटतं, सगळ्यांत कमी चर्चा एका साध्या गणिताची झाली.

ते गणित करून पाहू. मोठ्या क्रीडांगणांच्या सुरक्षेसाठी ब्रिटनमध्ये एक मार्गदर्शिका वापरतात. तिच्या हिशेबाने जिन्याच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण ६६ माणसं सुरक्षितपणे जाऊ शकतात. समजा, आपल्याकडची एखादी पायऱ्यांची वाट तीन मीटर रुंद आहे. म्हणजे मिनिटाला दोनशेच्या आत, तासाला बारा हजारांच्या आत. तीन लाख माणसांना नुसतं वर न्यायला पंचवीस तास लागतील. त्याच वाटेने खालीही आणायचं असेल तर पन्नास. तेही कुणी थांबलं नाही, कुणी नारळ फोडला नाही, कुणाचं पोर चुकलं नाही तर. यात्रेचा मुख्य दिवस मात्र एकच असतो, आणि प्रत्येकाला दर्शन त्याच दिवशी हवं असतं. पहिला माणूस घसरण्याच्या किती तरी आधी, हे कागदावरच जमत नव्हतं.

इथे एक भाषेची गोष्ट सांगतो. उर्दूत आणि हिंदीत या प्रकाराला ‘भगदड’ म्हणतात. शब्दाच्या मुळाशी भागना, म्हणजे पळणं. इंग्रजीतला ‘स्टॅम्पीड’ तर उधळलेल्या गुराढोरांवरून आला. दोन्ही शब्द ऐकले की वाटतं, लोक घाबरले, वेड्यासारखे पळत सुटले आणि एकमेकांना तुडवत गेले. प्रत्यक्षात चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं झाली की पळणं सोडाच, पाय उचलायलाही जागा नसते. आपण चालत नाही, आपल्याला गर्दी नेते. छाती फुगवायला जागा उरत नाही आणि माणूस उभ्या-उभ्या गुदमरतो. आपला मराठी ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द त्या मानाने खराखुरा आहे. त्यात पळण्याचा आरोप नाही, दाब आहे. तरी बातमी लिहिताना आपण पुढे जोडतोच: ‘अफवेमुळे’, ‘भाविक बेभान झाल्याने’. दोष पुन्हा मेलेल्यांच्या माथी.

हे फक्त काळूबाईच्या डोंगरावर घडतं असं कुणी समजू नये. हजमध्ये मिना इथे सैतानाच्या खांबांना खडे मारण्याचा विधी असतो. लाखो लोक, ठरलेले दिवस, आणि पूर्वी बहुतेकांचा आग्रह दुपार ढळल्यानंतरच्या त्याच काही तासांचा. १२ जानेवारी २००६ ला तिथल्या जुन्या पुलाच्या तोंडाशी साडेतीनशेच्या आसपास हाजी मरण पावले. त्या हजनंतर तो पूल पाडला आणि अनेक मजली नवा पूल उभा केला. यायची तोंडं वेगळी, जायची वेगळी, उलट फिरायला बंदी. गोल खांबांच्या जागी लांबट भिंती त्याआधीच आल्या होत्या, म्हणजे सगळ्यांनी एकाच बिंदूभोवती दाटी करायला नको. प्रत्येक देशाच्या तांड्यांना वेळ ठरवून दिली गेली. आणि महत्त्वाचं म्हणजे, उलेमांनी वेळेची मुभा मान्य केली. पूल कितीही मोठा बांधला, तरी सगळ्यांना पुण्य एकाच तासात हवं असेल तर इंजिनिअरचा इलाज चालत नाही. तिथे धर्माच्या जाणकारांनाच पुढे यावं लागतं.

२०१० साली तिथे मेट्रोही आली. मिना, मुझदलिफा आणि अरफात जोडणारी, अठराएक किलोमीटरची, नऊ स्टेशनांची. वर्षातून जेमतेम आठवडाभर चालते. एवढा खर्च आठवड्यासाठी कशाला, असं कुणालाही वाटेल. पण तिने हजारो बस रस्त्यावरून हटवल्या, आणि बस हटल्या की पायी चालणाऱ्याला जागा मिळते.

तरीही २४ सप्टेंबर २०१५ ला मिनामध्ये पुन्हा तेच झालं. यावेळी पुलावर नाही, पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर. दोन रस्त्यांवरून आलेले दोन लोंढे एकमेकांना भिडले. सौदी सरकारने ७६९ मृत सांगितले. वेगवेगळ्या देशांनी जाहीर केलेल्या आपापल्या मृतांची बेरीज मात्र दोन हजारांच्या वर गेली. मुख्य जागा सुधारली आणि अडचण अलीकडे सरकली. गेल्या वर्षी आपण हेच जवळून पाहिलं. कुंभमेळा प्रयागराजला होता, पण १५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री कुंभाला निघालेली माणसं मेली ती नवी दिल्लीच्या रेल्वे स्टेशनात. सोहळ्याची गर्दी सोहळ्याच्या जागी सुरू होत नाही. ती स्टँडवर, फलाटावर, जिन्यावर सुरू होते.

स्टेशन म्हटलं की मिरज आलंच. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर अशा चारी दिशांच्या गाड्या इथे भेटतात. अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १९०६ साली पंढरपूरला पोहोचली आणि १९२७ साली मिरजेपर्यंत आली. ती छोटी गाडी आषाढी-कार्तिकीला माणसांनी कशी लगडलेली असायची, हे जुन्या मिरजकरांकडून ऐकावं. आता रूळ रुंद झाले, गाड्या लांब झाल्या. पण लांब गाडी म्हणजे एकदम उतरणारी जास्त माणसं, आणि जिने तेवढेच.

मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याचा उरूस मला या बाबतीत फार शहाणा वाटतो. पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा, हे सगळ्यांना माहीत आहे आणि आम्हाला त्याचा अभिमानही आहे. पण दुसरी गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. गाणं रात्र-रात्र चालतं. ज्याला गलेफ पाहून जायचंय तो संध्याकाळी जातो, ज्याला पाळण्यात बसायचंय तो नवाला, आणि कानसेन मंडळी पहाटे चहा पिऊन. गर्दी एकदम उठत नाही, विरघळत जाते. हे कुणी वाहतुकीसाठी आखलं नसेल, पण उपयोग तोच. उलट, नेत्याचं भाषण संपल्यावर मैदानातून पन्नास हजार माणसं एकाच मिनिटाला उठतात आणि एकाच फाटकाकडे जातात. तिथे शेवटी अर्धा तास चांगला पोवाडा ठेवला तरी निम्मं काम होईल!

कडेगावच्या मोहरमचंही असंच. शंभर फुटांहून उंच ताबूत खांद्यावर घेऊन गावातल्या रस्त्यांतून फिरवणं आणि त्यांच्या भेटी घडवणं म्हणजे खेळ नाही. हिंदू आणि मुसलमान, दोघांचे ताबूत. कोणता ताबूत कुठून उठणार, कुणामागून कोण जाणार, भेट कुठे होणार, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. मान म्हणून ठरलेलं, पण मानाचा क्रम हा चालण्याचाही क्रम असतो. क्रम ठरला की चौकात कोंडी होत नाही.

या क्रमाच्या विद्येतला खरा उस्ताद मात्र सातारा जिल्ह्यातलाच. आरफळचे हैबतबाबा. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे सरदारकी केलेला माणूस, पुढे आळंदीला माउलींच्या सेवेत रमला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीला आजचं रूप दिलं. फौजेच्या छावणीची शिस्त त्याने भक्तीत आणली. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे आणि तंबू. रथाच्या पुढे २७ दिंड्या, मागे त्याहून कितीतरी जास्त, प्रत्येकीला क्रमांक. निघण्यापूर्वी कर्णा वाजतो. पहिल्याला आवराआवर, दुसऱ्याला आपल्या जागी उभं राहायचं, तिसऱ्याला चालू लागायचं. लाखो माणसं तीन इशाऱ्यांवर हलतात.

नीरा ओलांडून पालखी आपल्या जिल्ह्यात येते. लोणंद, मग चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण, तरडगाव, फलटण, बरड. प्रत्येक मुक्काम ठरलेला, दुपारचा विसावा ठरलेला. दिंड्यांचे ट्रक सामान घेऊन पुढे गेलेले असतात, म्हणजे चालणाऱ्यांत वाहन घुसत नाही. मला सगळ्यांत आवडते ती संध्याकाळची समाज आरती. चोपदार दंड उंचावतात आणि एवढा मोठा समाज गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, हरवल्या-सापडल्याच्या सूचना होतात आणि मग आरती. दिवसाची तक्रार त्याच दिवशी, सगळ्यांसमोर. आपल्या किती कार्यालयांत हे होतं?

एसटीनेही या बाबतीत बरंच शिकून घेतलं आहे. आषाढीला राज्यभरातून पाच हजारांच्या आसपास जादा गाड्या सुटतात. पंढरपुरात त्या सगळ्या एका स्टँडवर आणत नाहीत. चंद्रभागा, भीमा, पांडुरंग अशी वेगवेगळी यात्रास्थानकं असतात आणि कुठल्या भागाची गाडी कुठून सुटणार हे आधी जाहीर होतं. साताऱ्याच्या माणसाला मराठवाड्याच्या रांगेतून वाट काढावी लागत नाही. माझी तक्रार छोट्या यात्रांची आहे. तिथे नियोजन म्हणजे ‘इतक्या जादा गाड्या सोडल्या’ एवढा आकडा. माणसं नेण्याचा आकडा असतो, आणण्याचा नसतो. जाणारा सकाळपासून दुपारपर्यंत तुकड्या-तुकड्यांनी जातो. परतणारा मात्र अंधार पडायच्या आत, सगळ्यांबरोबर. खरी कसोटी संध्याकाळी पाच ते आठची. मांढरदेवला वाईकडूनही रस्ता आहे आणि भोरकडूनही. एका बाजूने चढा, दुसऱ्या बाजूने उतरा, असं सांगायला दोन रस्ते तरी आहेत. जिथे एकच रस्ता आहे तिथे वाहनं खालीच थांबवून वर फक्त एसटी चालवणं हाच उपाय. खासगी गाडीवाल्यांची कुरकुर होते. होऊ द्यावी.

जागा वाढवणं महाग असतं. वेळ वाटून घेणं फुकट असतं. याचं उदाहरण आपण नुकतंच जगलो. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले, २८ सप्टेंबरला. विसर्जनाची मिरवणूक आणि मिलादचा जुलूस एकाच रस्त्यावर. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत मुस्लिम मंडळींनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला आणि सरकारनेही सुट्टी २९ तारखेला नेली. त्याच वर्षी २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एका दिवशी होती. ठिकठिकाणी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचं ठरलं. २०२२ मध्येही ती दोन्ही १० जुलैला एकत्रच आली होती.

लोक याला योगायोग म्हणतात. योगायोग नाही, हिशेब आहे. आपली दोन्ही पंचांगं चंद्रावर चालतात. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून आमचे सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतात. हिंदू पंचांगही तसंच सरकतं, पण दोन-तीन वर्षांनी अधिक मास घालून ते ऋतूशी जुळवून घेतं. म्हणून दोन सण एकदा जुळले की दोन-तीन वर्षं हातात हात घालून चालतात आणि अधिक मास आला की सुटतात. मग पुन्हा भेट बत्तीस-तेहतीस वर्षांनी. मिलाद आणि गणेश विसर्जन २०२३, २०२४ आणि २०२५ अशी तीन वर्षं शेजारी होते. गुढीपाडवा आणि रमजान ईदही तसेच: २०२४ मध्ये ९ आणि ११ एप्रिल, २०२५ मध्ये ३० आणि ३१ मार्च, आणि यंदाही एकाच आठवड्यात. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे पुढच्या वर्षी ईद पाडव्याच्या महिनाभर आधीच येऊन जाईल.

म्हणजे चंद्रदर्शनाचा एखादा दिवस इकडे-तिकडे सोडला, तर पुढच्या पन्नास वर्षांतल्या अशा सगळ्या तारखा आजच एका कागदावर लिहिता येतात. जिल्हाधिकारी कार्यालयाने, पोलिसांनी आणि एसटीने तो कागद भिंतीवर लावावा. शांतता समितीची बैठक सणाच्या आठवडाभर आधी, चहा-बिस्किटांवर आणि भाषणांवर होते. तीच तीन महिने आधी, गावाचा नकाशा टेबलावर पसरून झाली तर अर्धे प्रश्न तिथेच सुटतील. कोण कुठून येणार आणि कुठून जाणार, एवढेच दोन प्रश्न विचारायचे.

आता या आठवड्याचं. पाडव्याची खरेदी आणि ईदची खरेदी एकाच बाजारात, एकाच संध्याकाळी होणार आहे. साखरेच्या गाठी आणि शेवया शेजारी-शेजारी. इफ्तारनंतर आमची गर्दी असते, कारण त्याआधी उपवास. ज्यांना जमेल त्या हिंदू शेजाऱ्यांनी सकाळी खरेदी उरकली तर दुकानदारही दुवा देईल. चारचाकी मात्र दोघांनीही घरी ठेवावी.

ईदच्या सकाळी ईदगाहच्या फाटकाशीच गळाभेट घ्यायची आपली सवय आहे. पाच माणसं गळ्यात पडली की मागे पाचशे अडकतात. गळाभेट दहा पावलं पुढे जाऊन घ्यावी, ती तितकीच कबूल आहे. दुचाकी फाटकापासून लांब लावावी. म्हाताऱ्यांना आणि मुलांना आधी निघू द्यावं. गर्दीचं दडपण असेल त्यांनी मोहल्ल्यातल्या मशिदीतली दुसरी जमात धरावी. वेळ वाटून घेण्याची ही सोय आपल्याकडे फार जुनी आहे. आणि परत येताना दुसऱ्या रस्त्याने यावं.

शिरखुर्म्याला येणाऱ्या मित्रांसाठीही आमच्या घरी दोन जमाती आहेत. एक दहाला, एक संध्याकाळी पाचला. जिना अरुंद आहे.